परिशिष्ट दोन

शेवटची तारीख, म्हणून सगळे आजच आले.
जिंतूर तहसीलच्या व्हरांड्यात बंदुका नाहीत,
नुसते बंदुकांचे धनी,
हातात परवान्याची पुस्तकं, घामानं मऊ पडलेली.
मी बारनिशी उघडतो.
मसुदा भिंतीला डकवलाय: परिशिष्ट दोन, जोडसाहित्य.
नळीवरची बॅटरी, दुर्बीण, आवाज गिळणारी नळी,
काडतुसांचा जादा पट्टा.
ठेवायचं तर वेगळी नोंद, नाहीतर ठाण्यात जमा.

सटवाजी घुगे म्हणाला, लिवा सायेब,
डुक्कर रातचं येतंय, हळदीत.
एका हातात बंदूक, दुसऱ्यात बॅटरी,
मंग घोडा काय दातानं वडू?
मी लिहिलं: अर्जदारास प्रकाशाची अडचण आहे.

दरगडशेठची हरकत दुर्बिणीपुरती.
तिच्यातून त्यांनी आजवर मोर पाहिले,
आणि शेजारच्याची मोटर चालू आहे का, ते.

काझींचा कागद निजामाच्या वेळचा, उर्दू,
घडीवर चार तुकडे झालेला.
बंदूक ठासणीची. तिला जोडायला गजाशिवाय काही नाही.
गज यात धरता का, त्यांनी विचारलं.
मी मसुदा वरून खाली वाचला, खालून वर वाचला.
गजाबद्दल सरकार गप्प होतं.
मग आम्हीही थोडा वेळ गप्प बसलो.

काळा गॉगल, बोटांत तीन अंगठ्या, असा एक पोरगा.
परिशिष्ट त्याला पाठ, कलमासकट म्हणून दाखवलं.
कंबरंच्या कव्हरचं काय, म्हणाला,
लग्नात दिसाया तर पायजे.
वरातीत बार काढल्याची केस आहे त्याच्यावर.
हे मला माहीत. मला माहीत आहे
हे त्यालाही माहीत.

मारोती खिल्लारे, बँकेचा गार्ड, ड्युटीवरूनच आला होता,
पट्टा लावून.
पंचवीस घरं. जिवंत काडतुसं पाच,
बाकी रिकामी टोपणं, ब्रासोनं घासलेली.
एकवीस वर्षांत एकदाबी झाडली न्हाई, म्हणाला.
लोक बंदुकीकडं बघतच न्हाईत, सायेब, पट्ट्याकडं बघतेत,
अन् लाइनीत उभे ऱ्हातेत.
ह्यो काढला तर म्या नुसता
दारात बसलेला म्हातारा.
हे मी जसंच्या तसं लिहिलं. साहेब खोडतील.

पाच वाजत आले. शिपाई खिडक्या लावायला लागला.
रांगेच्या शेवटी सोजरबाई पाईकराव,
हातात कापडाच्या दुकानाची पिवळी पिशवी.
परवाना?
न्हाई.
मग हरकत कशी घेता येईल, बाई?
बंदूक आसणाऱ्यानंच लिवायचं का, म्हणाली,
का लागलेल्यानंबी?

पिशवीतून तिनं एक्स-रे काढला,
खिडकीच्या उरलेल्या फटीत उजेडाला धरला.
पोराचा खांदा. हलगी वाजवायचा तो खांदा.
काळ्यात नऊ पांढरे दाणे,
ज्वारी हातातून सांडावी तसे.
डागदर म्हनला, सात निघतेत,
दोन ऱ्हाऊ द्या, ऱ्हातेत.

नमुन्यात पहिला रकाना: शस्त्राचा प्रकार.
दुसरा: जोडसाहित्य असल्यास तपशील.
मी पेन टेकवून थांबलो.
पोरगा अजून गेला नव्हता.
पाठ असलेला मसुदा
पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत होता, भिंतीला नाक लावून.

बारनिशीत घेतलं: अनुक्रमांक सतरा. सोबत, फोटो एक.
टाचणी जाईना त्यातून.
फायलीत बसेना, लांबीला जास्त,
खांद्याचा वरचा भाग बाहेरच राहिला.
तशीच ठेवली ढिगावर.
सोजरबाईनं पोच मागितली.
दिली, शिक्का मारून.